राखीव पोरांनी खेळायचं कधी?



अमेरिकेतल्या हायस्कुलात नववी ते बारावी असे चार वर्ग असतात. म्हणजे आवाजही न फुटलेलं चौदा वर्षांचं पोर आणि रोज दाढी करणारा अठरा वर्षांचा गडी, दोघंही एकाच शाळेच्या संघात येण्यासाठी धडपडत असतात. त्यावर तिथं फार पूर्वीपासून एक तोडगा आहे. शाळेचे दोन संघ करायचे. मुख्य संघ तो व्हार्सिटी आणि धाकटा तो ज्युनिअर व्हार्सिटी. बोलताना सगळे ‘जेव्ही’च म्हणतात. मोठ्या शाळांत नववीचा तिसरा संघही निघतो. अडचण होते ती खेड्यापाड्यातल्या शाळांची. नेब्रास्का, कॅन्सस, डकोटा इकडे शेतीच्या मुलखात गावं रोडावत चालली आहेत. चारही वर्गांत मिळून पन्नास-साठ मुलगे, त्यातले निम्मे खेळणारे. अशा शाळेनं दुसरा संघ काढावा का? की जी चार चांगली पोरं आहेत, ती थेट मोठ्यांत घालून मोकळं व्हावं?

आधी हा धाकटा संघ खेळतो कसा ते सांगतो. बास्केटबॉलच्या मोसमात संध्याकाळी पाहुणी शाळा बहुतेकदा एकाच बसमधून दोन्ही संघ घेऊन येते. सहाच्या सुमारास धाकट्यांचा सामना सुरू होतो. बाकांवर तेव्हा असतात खेळणाऱ्यांच्या आया, एखादे आजोबा आणि पॉपकॉर्नच्या मशीनशी खटपट करणारे दोन पालक. चेंडू हातातून सटकतात, फाउलवर फाउल होतात, गुणफलक काही हलत नाही. धाकट्यांचा शेवटचा डाव सुरू असताना मोठ्यांच्या सामन्यासाठी गाव लोटायला लागतं आणि ज्या पोराला आतापर्यंत कुणी बघत नव्हतं, त्याच्या हातातला चेंडू नेमका तेव्हाच सुटतो. या सामन्याचा निकाल राज्यस्पर्धेत कुठंही धरत नाहीत. पण मोसम संपेपर्यंत त्या पोराचे वीसेक सामने झालेले असतात.

माझ्या मते सगळी मेख इथं आहे. दुसरा संघ हवा की नको हा प्रश्नच जरा तिरका विचारला जातो. संघातल्या बाराव्या नंबरच्या पोराला वर्षभरात सामने किती मिळतात, हे आधी विचारावं. सराव कितीही घ्या, सामन्यात पाय लटपटतात ते सामना खेळूनच थांबतात.

मायकेल जॉर्डनची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. शाळेच्या संघातून त्याला हाकलला, असं भाषणांतून ठोकून दिलं जातं. तसं झालं नव्हतं. १९७८ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कुलात दहावीत असताना त्याला व्हार्सिटीऐवजी जेव्हीत ठेवलं. त्याच्याच बरोबरीचा, पण त्याच्यापेक्षा बराच उंच असा एक मुलगा व्हार्सिटीत घेतला, कारण संघाला उंची हवी होती. जॉर्डन चिडला, रडला, हे त्यानंच सांगितलंय. आता हिशेब बघा. व्हार्सिटीत घेतला असता, तर बारावीच्या पोरांमागं त्याच्या वाट्याला मिनिटं किती आली असती? जेव्हीत तो पूर्ण सामने खेळला आणि त्यातल्या काहींत तर चाळीसच्या वर गुण केले. पुढं वर्षभरात उंचीही वाढली. पण लेनी ही मोठी शाळा. तिला दोन संघ परवडत होते.

लहान शाळेचे कैवारी म्हणतात, आमच्याकडे नववीतल्या पोरालाही मोठ्यांबरोबर उतरायला मिळतं, मग शिकायला आणखी काय पाहिजे? हे खरंय, पण एका-दोघांपुरतं. ज्याची वाढ लवकर झाली, त्याला उतरवतात. उरलेले पाण्याच्या बाटल्या भरतात. अमेरिकन फुटबॉलसारख्या अंगावर धावून जाण्याच्या खेळात तर हे धोक्याचंही आहे. पन्नास किलोच्या पोरानं नव्वद किलोच्या अंगावर जायचं आणि त्याला आपण अनुभव म्हणायचं! शिवाय कुणाची उंची तेराव्या वर्षी वाढते, कुणाची सोळाव्या. उशिरा वाढणारं पोर तोवर टिकलं पाहिजे ना? नववी आणि दहावी नुसतं बसून काढलेलं पोर अकरावीत मैदानावर येतच नाही.

मग मायलनचं नाव निघतं. इंडियानातल्या या गावातल्या शाळेचा पट १६१. १९५४ साली तिनं बास्केटबॉलची राज्यस्पर्धा जिंकली. तेव्हा इंडियानात लहानमोठ्या सगळ्या शाळा एकाच स्पर्धेत खेळत. अंतिम सामना कैक पटींनी मोठ्या मन्सी सेंट्रलशी होता. मायलनच्या बॉबी प्लम्पनं शेवटच्या क्षणी चेंडू टाकला आणि सामना ३२-३० असा सुटला. ‘हूजिअर्स’ हा १९८६चा सिनेमा या कथेवरूनच सुचलेला. गोष्ट झकास आहे, वादच नाही. पण तिच्यावर धोरण बेतू नये. पुढं १९९७ मध्ये इंडियानानंच बास्केटबॉलची ती एकत्र स्पर्धा मोडली आणि पटसंख्येनुसार शाळांचे चार गट केले. जुनी माणसं अजून त्यावर हळहळतात.

मला जास्त शहाणपणाचा वाटतो तो स्टीफन एपलर. नेब्रास्कातल्या चेस्टर गावचा हा तरुण शिक्षक. मंदीचा काळ होता. लहान शाळांना अकरा जणांचा फुटबॉल संघ जमवणं पेलत नव्हतं, ना पोरांच्या संख्येनं ना खर्चानं. एपलरनं सहा जणांचा फुटबॉल बसवला. मैदान शंभर यार्डांचं ऐंशीवर आणलं, रुंदीही कमी केली आणि सहाही जणांना चेंडू झेलण्याची मुभा दिली. २६ सप्टेंबर १९३४ रोजी हेब्रनला पहिला सामना झाला. संघ जमवायला चार शाळांची पोरं लागली, दोन-दोन शाळांचा एकेक संघ. सामना १९-१९ असा बरोबरीत सुटला. आजही टेक्सासमध्ये शंभराच्या आसपास पट असलेल्या शाळा हाच खेळ खेळतात आणि त्यांची वेगळी राज्यस्पर्धा असते. पोरं पुरत नाहीत तर खेळच लहान करा, असं सुचायला डोकं लागतं.

शेजारच्या दोन-तीन शाळांनी मिळून एक संघ काढायचा, हीही रीत आता तिथं रुळलीय. संघाला गावांची नावं जोडून लावतात. गणवेशाच्या रंगावरून वर्षभर भांडतात, पण पोरं खेळतात. आणखी एक युक्ती आहे. काही राज्यांत एकाच खेळाडूला दोन्ही संघांतून खेळू देतात, मात्र डावांवर मर्यादा घालून. सामन्याचे डाव चार, तर दोन्ही संघांत मिळून पाच खेळायचे. म्हणजे धाकट्यांकडून चार खेळलेलं पोर मोठ्यांकडून एक डाव खेळतं. सात-आठ पोरं जास्त असली तरी दुसरा संघ उभा राहतो. कागदावर हा किरकोळ नियम, पण लहान शाळेला यानं फार सावरलंय.

आता आपल्याकडे बघू. आपल्या शालेय स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे असे गट आहेत. त्यामुळं लहानाला मोठ्यापुढं उभं करण्याचा प्रश्न बराचसा सुटलाय. या बाबतीत आपण त्यांच्या पुढं आहोत. मात्र तालुक्याचे सामने बाद पद्धतीचे. सकाळी सहाला जीपमधून बारा पोरं कोंबून पीटीचे सर तालुक्याला पोचतात. फक्कीनं आखलेल्या मैदानावर दहाच्या आत कबड्डीचा पहिला सामना होतो, आठ गुणांनी हरतात आणि त्या संघाचं वर्ष तिथंच संपतं. सात खेळले, पाच बाहेर बसले. त्या पाचांनी जुलैपासून सराव केलेला असतो. वडापाव खाऊन जीप परत. जिंकणारी शाळा जिल्ह्याला जाते, विभागाला जाते, म्हणजे जी आधीच बरी आहे तिलाच आणखी सामने मिळतात. ही उलटी रीत वर्षानुवर्षं चाललीय आणि तिच्यावर कुणी फारसं बोलत नाही.

मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये जाइल्स आणि हॅरिस अशा दोन ढाली आहेत. जाइल्स लहान मुलांची, हॅरिस मोठ्यांची. तिथंही चांगली पोरं लहान शाळा सोडून क्रिकेटच्या शाळेत जातात. सचिन तेंडुलकर वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात गेला, तो प्रशिक्षक आचरेकर सरांच्या सांगण्यावरून. त्याची एक आठवण त्यानंच अनेकदा सांगितलीय. तो शाळेच्या कनिष्ठ संघात होता. थोरल्या संघाचा हॅरिस ढालीचा अंतिम सामना वानखेडेवर होता आणि त्याच दिवशी सरांनी त्याच्यासाठी दुसरीकडे एक सराव सामना ठरवला होता. पोरगं तो सामना बुडवून वानखेडेवर टाळ्या वाजवायला गेलं. सरांनी तिथंच त्याला झापलं. तू खेळ, टाळ्या वाजवायला लोक येतील, असा त्या बोलण्याचा रोख होता. झापलं ते आपण ऐकतो आणि हसतो. पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की कुठल्याही ढालीत न धरला जाणारा तो सामना सरांनी मुद्दाम ठरवला होता. एका मैदानावरून दुसऱ्यावर पोरांना नेऊन सामने खेळवत ठेवायचे, हेच त्यांचं शिकवणं होतं.

तेव्हा लहान शाळेला दुसरा संघ हवा का, याचं माझं उत्तर असं. पोरं पुरत असतील तर हवाच. पुरत नसतील तर दोन गावांची मिळून दुसरी फळी करा, सातऐवजी पाच-पाच जणांची कबड्डी खेळवा, पण बाहेर बसणाऱ्यांचे सामने वेगळे ठेवा. क्रीडाशिक्षक आधीच कमी आहेत, कुठं कुठं गणिताचे सरच शिट्टी वाजवतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी स्पर्धा म्हणत नाही. ढाल नको, प्रमाणपत्र नको, पाहुण्यांचं भाषण तर मुळीच नको. पंच म्हणून दहावीतली पोरं उभी करा. त्यांनाही नियम तेव्हाच नीट कळतात. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी मैदान मोकळं असतं. शेजारच्या गावच्या सरांना फोन करायचा, मुख्याध्यापकांची सही घ्यायची, पालकांना विचारून जीप सांगायची आणि एक अट मात्र आधीच ठरवून टाकायची, की तालुक्याला मैदानात उतरलेल्या सातांपैकी कुणालाही या सामन्यात घ्यायचं नाही. त्यांना बाकावर बसवा, पाण्याच्या बाटल्या द्या.