मुंब्रा बायपास बंद होतो तेव्हा

न्हावा-शेवा बंदरातून निघालेला कंटेनर भिवंडीच्या गोदामाकडे जातो तो कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव असा. गुजरातकडे जाणाऱ्या काही गाड्या पुढे घोडबंदर रस्ता धरतात. चालकाच्या लेखी हा सलग एकच प्रवास. कागदोपत्री मात्र वाटेत रस्त्याचे धनी बदलत जातात: राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम विभाग, एमएमआरडीए, महापालिका. पोलीसही बदलतात. नवी मुंबई आयुक्तालयाची हद्द संपली की ठाण्याची लागते, आणि घोडबंदरच्या पलीकडे 2020 पासून मिरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय आहे.

अवजड वाहनांच्या वेळांची अधिसूचना प्रत्येक आयुक्तालय आपल्या हद्दीपुरती काढते. ठाण्यात प्रवेशबंदीची वेळ सुरू झाली की ट्रक हद्दीच्या अलीकडे अडवावे लागतात. मग इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून चालक रस्त्याच्या कडेलाच बसून राहतात आणि एक मार्गिका गिळली जाते. ठाण्याची कोंडी अशी शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहते. बंदराकडे उलट निघालेल्या चालकाचा जीव तर वेगळ्याच कारणाने टांगणीला लागतो, कारण जहाजाची वेळ कोणत्याही अधिसूचनेसाठी थांबत नाही.

2018 चा पावसाळा ठाणे, कल्याण, डोंबिवलीचे लोक विसरलेले नाहीत. मे महिन्यात मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी बंद झाला, तो सप्टेंबरमध्ये खुला झाला. दुरुस्ती टाळण्यासारखी नव्हतीच. बायपासवरचा भार ऐरोली, महापे आणि इतर रस्त्यांवर गेला. त्यातच 3 जुलैला अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग कोसळला आणि जुन्या पुलांच्या तपासण्यांना वेग आला. ऑगस्टमध्ये कल्याणचा ब्रिटिशकालीन पत्रीपूल धोकादायक म्हणून वाहतुकीला बंद झाला. तो निर्णयही योग्यच होता, माणसांचा जीव मोठा. पण कल्याण-शीळ मार्गावरचा तोच मोक्याचा पूल, आणि त्याच्या जागी नवा पूल सुरू व्हायला जानेवारी 2021 उजाडले.

दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर, आणि तरीही लोकांचे हाल. खरे दुखणे इथे आहे. रस्ता बंद करण्याचा अधिकार त्याच्या मालकाला असतो, पण ती वाहतूक ज्याच्या अंगावर येणार त्याच्याशी आधी बसून वेळापत्रक ठरवणे ही कोणाचीच ठरलेली जबाबदारी नसते. ना-हरकत पत्रांची देवाणघेवाण होते, बैठकाही होतात. पण बहुतेकदा कोंडी झाल्यावर.

न्यूयॉर्क-न्यूजर्सी परिसरात 1986 मध्ये ट्रान्सकॉम ही संस्था उभी राहिली, ती याच गरजेतून. तिथेही पूल, बोगदे, टोलरस्ते, पोलीस, रेल्वे यांच्या यंत्रणा वेगवेगळ्या. समांतर रस्त्यांची कामे एकाच वेळी निघू नयेत आणि एकाकडचा अपघात दुसऱ्याला तत्काळ कळावा, यासाठी त्यांनी चोवीस तास चालणारे सामाईक केंद्र उभारले. पुढे टोलच्या टॅगवरून, वाहनमालकाची ओळख न ठेवता, प्रवासाला लागणारा वेळही मोजला जाऊ लागला. या केंद्राने सदस्य यंत्रणांचे अधिकार काढून घेतलेले नाहीत. ते माहिती पोहोचवते, वेळा जुळवते. एवढ्याने सगळी कोंडी सुटली असा दावा कोणी करणार नाही, पण शेजारचा रस्ता बंद आहे हे तिथल्या यंत्रणेला सकाळच्या वर्तमानपत्रातून कळत नाही.

आपल्याकडे विचार झालेलाच नाही असे नाही. 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने मोठ्या शहरांसाठी एकीकृत परिवहन प्राधिकरण सुचवले होते. 2022 मध्ये मुंबईचे पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग महापालिकेकडे आले. शहरातल्या देखभालीला त्यामुळे एक धनी मिळाला. मुलुंड नाक्याच्या पलीकडे मात्र प्रश्न तसाच उरतो, आणि सगळे रस्ते एकाच खात्याकडे देणे व्यवहार्यही नाही.

सुरुवात कामांच्या सामाईक वेळापत्रकापासून करता येईल. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक यंत्रणेने आपली बंदी, दुरुस्ती आणि पर्यायी मार्ग एकाच नकाशावर नोंदवावेत. पर्यायी मार्गाच्या मालकाची संमती आल्याशिवाय, आणीबाणी वगळता, मुख्य रस्ता बंद करू नये. अवजड वाहनांच्या वेळा तिन्ही आयुक्तालयांनी एकत्र ठरवाव्यात. त्या बैठकीत बंदराच्या प्रतिनिधीलाही बसवावे, म्हणजे ठाण्यात बंदी असेल त्या वेळेच्या हिशेबाने कंटेनर बंदराच्या फाटकातूनच सोडता येतील.