तरुणांचा विषाद आणि ज्ञातीचे कर्तव्य
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच पार पडला. त्यांच्या यशाचा आम्हांसही अभिमान वाटतो. तथापि ज्या मुलामुलींना हल्ली सकाळी अंथरुणातून उठणेही जड जाते, त्यांच्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतो. अशी मुले अनुत्तीर्णांतच असतात असे नाही, गुणवंतांतही असतात.

विषाद हा शब्द आपल्या परंपरेला नवा नाही. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच मुळी अर्जुनविषादयोग. चरकसंहितेने रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादास अग्रस्थान दिले आहे. परंतु परीक्षेत अपयश आल्यामुळे चार दिवस मन खिन्न होणे वेगळे, आणि वैद्यकशास्त्र ज्याला नैराश्याचा आजार अथवा डिप्रेशन म्हणते, ते वेगळे. साधी खिन्नता मित्र भेटला, सण आला, की निवळते. आजारात मात्र आवडीच्या गोष्टीही नकोशा होतात. झोप उडते किंवा दिवसभर संपत नाही, भूक मंदावते अथवा भलतीच वाढते, वाचलेले लक्षात राहत नाही, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागते आणि मरणाचे विचार डोकावतात. उदासी किंवा अनास्था ह्यांसह अशी लक्षणे बहुतेक दिवस, दोन आठवडे वा अधिक काळ टिकली, तर वैद्याचा सल्ला घ्यावा. वयात येणाऱ्या मुलांत दुःखाऐवजी चिडचिडच अधिक दिसते. आणि वडीलधारी मंडळी तिला उर्मटपणा, आळस किंवा मोबाईलचे वेड समजून चालतात.

ह्या आजाराचे कारण एकच नसते. काही अंशी प्रवृत्ती आनुवंशिक असते. काही अंशी आघात, एकाकीपणा आणि दीर्घकाळचा ताण कारणीभूत होतात. कधी थायरॉईडच्या विकारामुळेही अशीच लक्षणे उद्भवतात, म्हणून शरीराचीही तपासणी अवश्य करावी. पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठांतील अभ्यासिकांत स्पर्धापरीक्षांसाठी वर्षामागून वर्षे बसणारे आपले तरुण आठवावेत. जागा शेकड्यांनी आणि उमेदवार लाखांनी, असा हा हिशेब आहे. गावाकडून दरमहा पैसे येतात, आणि त्यांसोबत ‘यंदा निकाल काय?’ हा प्रश्नही येतो. तोच प्रश्न लातुरात वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलीसही रात्री झोपू देत नाही.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. विसांतील सुमारे एका प्रौढास आयुष्यात केव्हा तरी नैराश्याचा आजार होतो, असे त्यात आढळले. आणि निरनिराळ्या मानसिक विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहतात, असेही दिसून आले. डॉक्टरांची कमतरता, खर्च आणि अज्ञान ही त्याची कारणे सर्वश्रुत आहेत. परंतु आपल्यासारख्या ज्ञातीत आणखी एक कारण आहे, आणि ते स्पष्ट बोलणे आमचे कर्तव्य होय. ते कारण म्हणजे स्थळ. ‘मुलीला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेल्याचे कळले तर स्थळ कोण आणील?’ ह्या एका भीतीपोटी कित्येक घरांत सहा सहा महिने दार लावून आजार लपविला जातो. ज्या ज्ञातीने आधार द्यावयाचा, तिच्याच जिभेचे भय रोग्याला वैद्यापासून दूर ठेवते. दुसरीकडे ‘लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल’ असा सल्ला देणारेही आपल्यांतच आहेत. विवाह हे औषध नव्हे. आजार लपवून लावलेला विवाह तर दोन घरांना दुःखात लोटतो. झालेल्या आजाराविषयी खरे सांगता यावे आणि ते ऐकणाऱ्याने नाक मुरडू नये, एवढे वळण समाजाला लागले पाहिजे.

हा आजार बहुतांशी बरा होतो. सौम्य असेल तर समुपदेशन व मानसोपचार पुष्कळदा पुरेसे ठरतात. तीव्र असल्यास औषधे लागतात. औषधांचा गुण येण्यास काही आठवडे जातात. विशेषतः पंचविशीच्या आतील रुग्णांवर सुरुवातीच्या दिवसांत बारकाईने लक्ष ठेवावे लागते, आणि बरे वाटू लागताच मनाने औषध सोडणे घातक ठरते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मरणाची भाषा ऐकू आली, तर सरळ विचारावे, ‘बाळ, जीव नकोसा वाटतो काय?’ विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलण्याची वाट मोकळी होते. अशा वेळी मुलाला एकटे सोडू नये, कीटकनाशके व औषधांचे साठे कुलपात ठेवावे, आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेली ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

घरच्यांनी करावे काय? पुन्हा गीतेकडेच वळू. अर्जुनाची व्यथा आणि ह्या आजाराची व्यथा एकच, असे आमचे म्हणणे नाही. परंतु तेथील क्रम मननीय आहे. पहिल्या अध्यायात श्रीकृष्ण जवळजवळ बोलतच नाहीत. अर्जुनाला मन मोकळे करू देतात. दुसऱ्याच्या आरंभी ते त्याला कठोर शब्दांनी उठ म्हणतात. तरीही ‘लढणार नाही’ असे सांगून अर्जुन गप्प बसतो. प्रत्यक्ष भगवंताच्या खडसावण्यानेही जे साधले नाही, ते आपल्या ‘मन घट्ट कर, आमच्या वेळी असले काही नव्हते’ ह्या बोलांनी कसे साधावे? आधी ऐकावे, सोबत बसावे, वेळेवर दोन घास खाऊ घालावे आणि वैद्याकडे स्वतः घेऊन जावे.

अखेर कार्यकारी मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. एक, शिक्षणसाहाय्य निधीतून मानसोपचारासाठीही साहाय्य द्यावे आणि लाभार्थ्याचे नाव कोठेही छापू नये. दोन, शहरात एकट्या राहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे तेथील एका कुटुंबाने पालकत्व घ्यावे, महिन्यातून एकदा त्याला जेवावयास बोलवावे. आणि त्या पानावर निकालाचा विषय काढू नये. तीन, वधू-वर सूचक मंडळाने उपचार घेऊन बऱ्या झालेल्या तरुणाकडे विषमज्वरातून उठलेल्या माणसाकडे पाहतो त्याच दृष्टीने पाहावे.

ज्ञाती म्हणजे केवळ नावांची यादी नव्हे. संकटात ज्याचे दार निःशंकपणे ठोठावता येते, ते घर होय. ते दार आपल्या मुलांसाठी उघडे राहो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.