जुना ग्रामोफोन : घ्यावा, दुरुस्त करावा कीं विकावा?

आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां किरकोळ वाटेल. परंतु ज्यांच्या माळ्यावर आजोबांचा चावीचा ग्रामोफोन धूळ खात पडला आहे, किंवा ज्यांना जुन्या बाजारांतील पितळी कर्णा पाहून मोह पडतो, त्यांच्या पैशाचा, आणि कांहीं वेळां पैशाहूनही मौल्यवान अशा वस्तूचा प्रश्न ह्या विषयांत गुंतलेला असतो. असें यंत्र विकत घ्यावें काय, दुरुस्त करावें काय, कीं विकून मोकळें व्हावें, ह्या तीन प्रश्नांचा आपण क्रमानें विचार करूं.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचें पेटंट एमिल बर्लिनर ह्यानें सन १८८७ मध्यें मिळविलें. सन १९०२ मध्यें फ्रेड गायसबर्ग ह्यानें कलकत्त्यास येऊन गौहरजान हिचें गाणें मुद्रित केलें, व सन १९०८ मध्यें तेथेंच सियालदह भागांत तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला. पुढें बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर ह्यांचें गाणें खेडोपाडीं पोहोंचलें, तें ह्याच यंत्राच्या द्वारें. त्यास वीज लागत नाहीं. चावी दिली म्हणजे पोलादी स्प्रिंग गुंडाळली जाते. ती उलगडतांना थाळी फिरते. गव्हर्नर नांवाचा तीन वजनांचा भाग तिचा वेग मिनिटास ७८ फेऱ्यांवर आवरून धरतो. आणि सुईचें कंपन साउंडबॉक्समधील पातळ पडद्यास हालवून कर्ण्यावाटे आवाज बाहेर टाकतें. रचना इतकी सरळ असल्यामुळेंच शंभर वर्षांनंतरही हें यंत्र बहुधा दुरुस्त होऊं शकतें.

आतां पहिला प्रश्न, घ्यावें काय? येथें सर्वांत मोठा धोका मोडक्या यंत्राचा नसून बनावट यंत्राचा आहे. लखलखीत पितळी कर्णा, त्याखालीं नकशीदार चौकोनी वा अष्टकोनी पेटी, आणि तिच्यावर कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचें चित्र, असा थाट मुंबईच्या चोरबाजारांत आणि अन्यत्रही दिसतो. त्यांतील पुष्कळ यंत्रें अलीकडे जुळविलेलीं असतात. मोटार कोणा मोडक्या प्रवासी ग्रामोफोनची, कर्णा नवा, पेटीही नवी. कुत्र्याचें चित्र हा अस्सलपणाचा पुरावा मुळींच नव्हे. मूळ चित्र ग्रामोफोन कंपनीनें सन १८९९ मध्यें विकत घेतलें हें खरें. पण त्याची चिठ्ठी आज कोणीही छापून चिकटवूं शकतो. म्हणून पेटी उघडून आंत पहावें. आंतील लांकूड कोरें आणि बाहेरून मात्र काळसर रंग दिलेला असेल, मोटार बसविण्यासाठीं पाडलेल्या भोंकांशेजारीं दुसरीं रिकामीं भोंकें असतील, चावीचें भोंक ओबडधोबड असेल, तर संशय घ्यावा. फुलीच्या खाचेचा स्क्रू सन १९३० नंतरच्या दशकांत प्रचारांत आला. "हें यंत्र १९१० सालचें" असें सांगणाऱ्याच्या पेटींत जर असे स्क्रू सर्वत्र आढळले, तर अधिक बोलण्याचें कारण उरत नाहीं. केवळ दिवाणखान्याच्या शोभेसाठीं असें यंत्र घेण्यास प्रत्यवाय नाहीं. मात्र किंमत शोभेच्या वस्तूची द्यावी, प्राचीन वस्तूची देऊं नये.

ज्यास खरोखर ऐकावयाचें आहे त्यानें कर्ण्याचा मोह सोडून पेटीवजा प्रवासी ग्रामोफोन पहावा. हिज मास्टर्स व्हॉइसचें १०२ क्रमांकाचें यंत्र सन १९३१ पासून पुढें पुष्कळ वर्षें निघत होतें. तें दिसावयास साधें, पण आवाजास उत्तम, आणि त्याचे सुटे भाग त्या मानानें मिळण्याजोगे आहेत.

घेण्यापूर्वीं एक परीक्षा अवश्य करावी. एखादी साधी, वाया गेली तरी चालेल अशी तबकडी थाळीवर ठेवून तिच्या कडेखालीं कागदाचा कपटा अडकवावा. चावी सावकाश पूर्ण द्यावी, नवी सुई लावावी, आणि तबकडी वाजत असतां घड्याळ समोर ठेवून कपटा मिनिटांत किती वेळां फिरतो तें मोजावें. वेगाचा कांटा फिरवून ७८ फेऱ्या साधतां आल्या आणि दहा इंची तबकडीची एक बाजू, म्हणजे सुमारें तीन मिनिटें, तोच वेग टिकला, तर मोटार निरोगी समजावी. गाणें शेवटीं शेवटीं जड व खोल होऊं लागलें, तर स्प्रिंग थकली आहे किंवा वंगण वाळलें आहे. मधूनमधून पोटांतून "धप्" असा आवाज येत असेल, तर स्प्रिंगेचीं वेटोळीं घट्ट झालेल्या वंगणामुळें एकमेकांस चिकटून एकदम सुटत आहेत. चावी कितीही फिरविली तरी हातास ताण लागत नसेल, तर स्प्रिंग बहुधा तुटली आहे.

दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. वाळलेलें वंगण, तुटलेली स्प्रिंग, साउंडबॉक्समधील कडक झालेलें रबर, हे दोष भीतिदायक वाटले तरी साध्य आहेत; स्प्रिंगा व रबर आजही नवीन मिळतात. मात्र स्प्रिंगेचा डबा घरीं उघडण्याचें धाडस कोणीही करूं नये. ती ताणलेली पोलादी पट्टी उसळली तर हात व चेहरा कापते. तें काम माहितगार कारागिराकडेच द्यावें. दुसऱ्या जातीचे दोष कष्टसाध्य असतात. झिजलेल्या दात्यांचें चाक दुसऱ्या तशाच यंत्रांतून मिळालें तरच लाभतें. आणि जस्तमिश्रित ओतीव धातूचा भाग, मग तो साउंडबॉक्सचा असो वा त्याच्या दांडीच्या बुडाचा, एकदां फुगून तडकूं लागला म्हणजे त्यास डाग देऊन उपयोग होत नाहीं. तो बदलावाच लागतो. म्हणून कारागिराकडून दुरुस्तीचा अंदाज आधीं घ्यावा आणि यंत्राचा भाव मागाहून ठरवावा. खरेदी व दुरुस्ती मिळून होणारी रक्कम तशाच चालू यंत्राच्या किमतीहून अधिक होत असेल, तर चालू यंत्रच घेणें शहाणपणाचें. ह्यास अपवाद एकच. यंत्र घरचें असेल तर हा हिशेब लावूं नये. आणि दुरुस्ती म्हणजे रंगरंगोटी नव्हे. जुनें पॉलिश खरवडून काढल्यास यंत्राचें मोल वाढत नाहीं, घटतें.

तिसरा प्रश्न विक्रीचा. माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरीं सल्ला विचारण्यास आला. आजोबांचा ग्रामोफोन आणि तबकड्यांनी भरलेली पेटी, "सर्व मिळून" एक रक्कम देण्यास एक व्यापारी तयार होता, आणि ती रक्कम त्यास बरी वाटत होती. पेटींत कोणत्या तबकड्या आहेत, हें मात्र त्यानें पाहिलें नव्हतें. मीं त्यास म्हटलें, "बाळ, आधीं यादी कर, मग यंत्र हवें तर वीक." यंत्रें कारखान्यांत हजारों निघालीं, एखाद्या गवयाची तबकडी मात्र फार थोडी शिल्लक असूं शकते, आणि ती फुटली म्हणजे तो आवाज गेला. यादींत दोन जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या निघाल्या. त्या त्यानें ठेविल्या व यंत्र विकलें, आणि तें मला योग्यच वाटलें.

अशा तबकड्यांविषयीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. त्या लाखेच्या असतात, व लाखेंत दगडाची भुकटी मिसळलेली असते. त्या भुकटीनें पोलादी सुई एका बाजूंतच झिजते. म्हणून सुई दर बाजूस बदलावी. झिजलेली सुई, आणि तिच्यावर साउंडबॉक्सचें शंभर ग्रॅमहून अधिक वजन, हीं मिळून गाणें कोरून काढतात. दुर्मिळ तबकडी तर चावीच्या यंत्रावर वाजवूंच नये. हलक्या, रुंद टोंकाच्या सुईच्या विजेच्या यंत्रावर एकदां वाजवून तिची नक्कल करून घ्यावी. दुसरें, स्पिरिटनें ती कधीं पुसूं नये, कारण लाख त्यांत विरघळते. तिसरें, सन १९४८ नंतर निघालेली मिनिटास ३३ फेऱ्यांची प्लास्टिकची तबकडी ह्या यंत्रावर एकदां जरी लावली, तरी ती कायमची नासते.

विकणाऱ्यानें आणखी एक नियम पाळावा. दोन मोडक्या यंत्रांचें एक चालतें यंत्र करणें गैर नव्हे. पण कोणता भाग मूळचा व कोणता बदललेला, हें घेणाऱ्यास लिहून द्यावें. त्यायोगें किंमत थोडी कमी येईल, परंतु घेणारा पुढच्या खेपेस तुमच्याच दारीं येईल, आणि जुन्या वस्तूंच्या बाजारांत हीच मोठी कमाई आहे.

तेव्हां श्रोतेहो, माळ्यावरचें यंत्र उतरवाल त्या दिवशीं लगेच चावी फिरवूं नका. धूळ पुसा, आंत पहा, तबकड्यांची यादी करा, आणि मगच ठरवा.