तलावाकाठचा प्लॉट, आणि त्यातले मासे कोणाचे?

आजचा भाग जरा घरगुती आहे. माझ्या दादाचे एक्कावन्न हजार रुपये यात अडकलेत, आणि "हे पॉडकास्टवर सांगू का?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "सांग, निदान दुसऱ्या कोणाचे तरी वाचतील." म्हणून सांगतोय.

दादा पुण्यात असतो, हिंजवडीत. गेल्या हिवाळ्यात त्याने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. ड्रोनने काढलेला. भरलेला तलाव, मागे जंगलाची काळी रेघ, पाण्यावर धुकं, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'लेक टच फार्म प्लॉट, ताडोबा जवळ, फिशिंगचा आनंद'. दादाला लहानपणापासून गळ टाकायचं वेड. आईने "अरे, आधी कोणाला विचारलं का?" असं लिहीपर्यंत पठ्ठ्याने एजंटला टोकन पाठवूनसुद्धा दिलं होतं. मग बाबांचा मला फोन. "तू चंद्रपुरात बसून काय करतोस? गाडी काढ, बघून ये."

गावाचं नाव सांगत नाही. सिंदेवाहीच्या पुढे नागभीडकडे जाताना आत वळावं लागतं, इतकं पुरे. एजंटने लोकेशन पाठवलं होतं. जागा खरंच सुंदर होती हो, खोटं कशाला बोलू. पाळीवर मोहाची जुनी झाडं, पाण्यात कमळं, पलीकडे बगळे. पाळीवर एक ढिवर काका जाळं शिवत बसले होते. मी आपलं सहज विचारलं, "काका, हा तलाव कोणाचा?"

"मामाचा."

"कोणत्या मामाचा?"

काका हसायला लागले. तुमच्यातले जे झाडीपट्टीतले आहेत ते आत्ता हसतच असतील. बाकीच्यांसाठी सांगतो. मामा म्हणजे मा-मा, माजी मालगुजारी तलाव. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया आणि थोडं नागपूर, एवढ्या पट्ट्यात असे सहा हजारांच्या वर तलाव आहेत. यातले बरेच गोंड राजांच्या काळातले. जो जंगल तोडून तलाव बांधेल त्याला त्या तलावाखालची जमीन, अशी राजांची रीत होती असं सांगतात. कोहळी समाजाची माणसं यात वाकबगार. जमिनीचा उतार नुसत्या नजरेने ओळखून त्यांनी पाळी बांधल्या, आणि त्यातल्या कितीतरी आजही पाणी धरून आहेत. पुढे हे तलाव मालगुजारांकडे आले. मग १९५० चा कायदा आला, मालगुजारी संपली, आणि १९५१ पासून बहुतेक तलाव सरकारजमा झाले. तेव्हा आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता, म्हणून कायदाही तिकडचा.

तर मुद्दा असा, की तलाव सरकारचा. जमीन महसूल कायद्याचं वीसावं कलम बघा. नदी, नाले, तलाव, त्यांचे तळ आणि त्यातलं पाणी, यात कोणाची खाजगी मालकी सिद्ध होत नसेल तर ते सगळं राज्याचं. एजंट तुम्हाला पाणी विकूच शकत नाही. तो विकतो काठ. आता तो काठ तरी खरा काठ आहे का?

मी तिथेच पाळीवर बसून मोबाईलवर महाभूनकाशा उघडला. हे तुम्हीही करा, फुकट आहे. गाव निवडा, गट नंबर टाका, नकाशा येतो. सातबारा महाभूलेखवर दिसतो. दादाचा गट नंबर टाकला तर प्लॉटची हद्द पाण्यापासून बरीच अलीकडे संपत होती. मधला पट्टा वेगळ्या नंबरात, आणि तो नंबर तलावाचा. म्हणजे ज्या गवतावर एजंटने खुर्च्या टाकून व्हिडिओ काढला, ती जागा विकणाऱ्याची नव्हतीच!

काकांना विचारलं तर म्हणाले, "ते गाळपेर होय ना बाप्पा."

गाळपेर म्हणजे पाणी ओसरल्यावर उघडी पडते ती जमीन. मालकी सरकारची. ती हंगामापुरती कसायला देतात, लोक त्यात काहीबाही पेरून घेतात, आणि पाऊस आला की ती परत पाण्याखाली. काका पुढे म्हणाले, "तुमच्या दादाले म्हना, मे महिन्यात येऊन पाह्य. पानी कुठं अन् तुमची खुर्ची कुठं."

हे कोणी सांगतच नाही. हे तलाव बांधले धानासाठी. सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसाने दगा दिला की शेवटच्या पाण्यासाठी तलाव सोडतात, पाटाने पाणी बांध्यांमध्ये जातं. गाळही साठलाय खूप. उन्हाळा येईपर्यंत कितीतरी तलावांत मधोमध थोडं पाणी उरतं आणि बाकी सगळीकडे भेगाळलेली माती आणि बेशरमची झुडपं. तुमचा 'लेक व्ह्यू' चार-सहा महिन्यांचा. बरं, पाणी ठेवा म्हणून तुम्ही भांडूही शकत नाही. खाली शेतकऱ्याचा धान उभा आहे.

आता मासे. दादाचा खरा जीव तिथेच. त्याला वाटत होतं, काठ आपला म्हणजे गळ टाकायला कोण अडवणार? पण तलावातल्या मासेमारीचा ठेका असतो, आणि तो साधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. ढिवर, केवट, भोई अशा समाजांच्या संस्था. संस्था ठेक्याचे पैसे भरते, कटला, रोहू, मृगळचं बीज विकत आणून सोडते, रात्री राखण करते. त्यात तुम्ही चेअर टाकून रोहू ओढलात तर तो तुमचा 'कॅच' नाही. ती दुसऱ्याच्या वाफ्यातली मेथी उपटण्यासारखी गोष्ट झाली. संस्थेला विचारून, पैसे भरून गळ टाकता येतो काही ठिकाणी. त्यासाठी प्लॉट कशाला लागतो?

मी काकांना म्हटलं, समजा कोणाचा पूर्ण खाजगी तलाव असेल तर? कारण असेही आहेत. मालगुजारी गेली तेव्हा स्वतःच्या जमिनीतले, ज्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नव्हता असे काही तलाव जुन्या घराण्यांकडेच राहिले. आणि बोड्या तर आहेतच. शेतातली छोटी तळी, बोडी म्हणतो आपण. ती ज्याची शेती त्याची. काकांना कायद्याचं माहीत नव्हतं, पण ते म्हणाले, "कागदात आमचं नाव असते कधी कधी." मला वाटलं असंच बोलताहेत. घरी येऊन वाचलं तर काका बरोबर होते.

विदर्भातल्या गावांना दोन जुने कागद असतात जे पुण्याच्या वकिलाने कदाचित पाहिलेलेच नसतात. एक निस्तार पत्रक. गावाने चराई कुठे करायची, लाकूड-माती कुठून आणायची, वाट कोणती, हे त्यात. दुसरा वाजिब-उल-अर्ज. नाव उर्दू वाटतं, पण आहे आपल्याच जमीन महसूल कायद्यात, कलम १६५. सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीचं नाही अशा जमिनीत आणि पाण्यात गावकऱ्यांचे रूढीने चालत आलेले हक्क त्यात नोंदवतात. पाण्याचा हक्क, वाटेचा हक्क, आणि मासे धरण्याचा हक्क, अगदी त्या शब्दांत. म्हणजे खाजगी तळं विकत घेतलंत, सातबारा तुमच्या नावे झाला, तरी पिढ्यान् पिढ्या तिथे मासे धरणाऱ्या गावाचा हक्क त्या कागदात बसलेला असू शकतो. सातबाऱ्यावर तो शोधत बसू नका. तहसीलला जाऊन मागा. बाबू कंटाळा करेल, पण मागा.

आता थोडं भरभर. ही शेतजमीन आहे, आणि विदर्भाला १९५८ चा वेगळा कूळ कायदा आहे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सरळ घेता येत नाही. दादा शेतकरी दाखल्यावर सुटला, बाबांच्या नावे जमीन आहे म्हणून. ताडोबाभोवती २०१९ ला इको सेन्सिटिव्ह झोन जाहीर झाला, तिथे बांधकामाचे नियम वेगळे. घोडाझरी तलाव तुम्ही पिकनिकला पाहिला असेल, तिथलं जंगल २०१८ ला अभयारण्य झालं. खुद्द ताडोबाच्या तलावात गळ टाकायचा विचारही नको, ते राष्ट्रीय उद्यान आहे, आणि मगरी आहेत! आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड हा सगळा वाघांचा भाग. संध्याकाळी काठावर शेकोटी वगैरे व्हिडिओत छान दिसतं. काकांनी मला साडेपाचला उठवून रस्त्याला लावलं.

गडचिरोलीचं मात्र थांबून सांगावं लागेल, कारण एजंटने दादाला दुसरा पर्याय तिकडचा दिला होता. "सर, उधर रेट आधा है." अर्धा का, ते ऐका. गडचिरोलीचा मोठा भाग पाचव्या अनुसूचीतला आहे, आपल्याकडे राजुऱ्याकडची काही गावंही. आदिवासींची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची तर कलम ३६-अ आडवं येतं. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, त्याआधी सरकारची मान्यता. हे कलम अनुसूचित क्षेत्रापुरतं नाही, पूर्ण महाराष्ट्राला लागू आहे, हेही लक्षात ठेवा. मग एजंट काय सुचवतात? जमीन आदिवासी माणसाच्याच नावे राहू द्या, आपण स्टॅम्पवर 'करार' करू. असा करार कोर्टात टिकत नाही, आणि ज्याच्या नावाने हे चाललेलं असतं त्याला बहुतेक वेळा दोन-चार हजार हातावर ठेवून गप्प केलेलं असतं. दादाला मी म्हटलं, पैसे बुडतील ते सोड, तुला असं काठावर बसून मासे धरवतील का?

तिकडे पाण्याचं गणितही वेगळं आहे. पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांचं नियोजन गावपातळीवर दिलंय. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये मासे आणि पाण्यातली इतर उपज स्पष्ट लिहिली आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा लेखा तुम्हाला माहीत असेल, २००९ ला सामूहिक वनहक्क मिळवणारं देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. पुढे त्या गावाने ग्रामदान केलं, म्हणजे सगळ्यांनी जमिनी ग्रामसभेच्या नावे केल्या. तिथे जाऊन 'लेक टच' विचारून बघा बरं.

परत काकांकडे येतो. निघताना मी विचारलं, मासे कसे आहेत सध्या? जाळं बाजूला ठेवून ते बराच वेळ बोलले. आधी मरळ, शिंगी, मागूर बिनबीज टाकता मिळायचे. पावसाळ्यात तलाव फुगला की गावठी मासे काठाच्या उथळ पाण्यात, गवतात, धानाच्या बांध्यांत चढतात, तिथेच अंडी घालतात. पिल्लं त्या गवताच्या आडोशाला वाढतात. आता काठ साफ झालाय, कुठे बेशरम, कुठे बांधकाम. पलीकडच्या एका काठावर कोणीतरी दगडी भिंत घालून लॉन केलंय. "तिकडं आता मरळ लागत नाही," एवढंच म्हणाले. भंडारा-गोंदियाकडे मनीष राजनकर आणि ढिवर समाजाच्या बाया कितीतरी वर्षं हेच काम करताहेत. बेशरम उपटायची, तलावात देशी पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, म्हणजे गावठी मासे परततात.

मी त्या भिंतीकडे बघितलं. दादाचा प्लॉट तिच्याच शेजारी. आणि काठाने जाणारी ढिवरांची पायवाट भिंतीपाशी तुटून, फिरून, चिखलातून गेलेली. दादाने कुंपण घातलं असतं तर ती अजून लांब गेली असती. काका याबद्दल काहीच बोलले नाहीत, मीच बघितलं.

रात्री दादाला फोन केला. नकाशाचा स्क्रीनशॉट पाठवला. तो दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, "म्हणजे पाणी त्यांचं नाही, काठ त्यांचा नाही, मासे त्यांचे नाहीत. मग मी एक्कावन्न हजार कशाचे दिले?" एजंटचं उत्तर 'टोकन नॉन रिफंडेबल आहे सर'. पावतीवर गट नंबरच नव्हता, फक्त प्लॉट नंबर आणि लेआऊटचं गोड नाव. दादाने वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे. अजून तरी काही आलं नाही.

दिवाळीत दादा आला तेव्हा आम्ही दोघं परत त्या पाळीवर गेलो. संस्थेच्या माणसांनी सकाळीच जाळं ओढलं होतं. दीड किलो मरळ घेतली, काकांनी निवडून दिली. दादाने विचारलं, "काका, गळ टाकू का इथे थोडा वेळ?"

"टाक ना. पन पाचच्या आत निघ."

संध्याकाळपर्यंत त्याला काही लागलं नाही.

तुमच्याकडे असा एखादा व्हिडिओ आला असेल तर गट नंबर मागून घ्या आणि मला पाठवा, नकाशा सोबत बघू. पुढच्या भागात बोडीबद्दल बोलू, स्वतःच्या शेतात ती खोदून मासे करायचे तर खर्च किती आणि कटकट किती. भेटू.