शाळेची घंटा कोण देतो?



हायस्कुलावर व्याख्यान म्हटले की शिक्षक, अभ्यासक्रम आणि शालान्त परीक्षेचा निकाल हे विषय ठरलेलेच. आज मात्र मला बोलावयाचे आहे ते सकाळी फाटक उघडल्यापासून संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत शाळा चालती ठेवणाऱ्या माणसांविषयी.

ही माणसे कोण? शिपाई घंटा देतो, पाण्याची टाकी भरतो, सूचनावही वर्गावर्गांतून फिरवतो आणि ताप आलेल्या पोराला घरी पोचवतो. प्रयोगशाळेतील परिचर परीक्षानळ्या धुतो, आम्लाच्या बाटल्या सांभाळतो. लेखनिक जनरल रजिस्टरात मुलाचे नाव, जन्मतारीख व जात लिहितो. ही एक ओळ शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते आणि पुढे नोकरी, पासपोर्ट, जातीचा दाखला या प्रत्येक दारी त्या मुलाबरोबर जाते. लेखणी एका अक्षराने घसरली तर त्या घराला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. अशा कामाला आपण हलके काम म्हणावे काय?

यांच्या जोडीला असतात विद्यार्थी मदतनीस. फळा पुसणारा मॉनिटर, ग्रंथालयात पुस्तके लावणारी मुलगी, रस्ता ओलांडताना धाकट्यांना थांबवणारा सुरक्षा पथकातला मुलगा. ही प्रथा आपल्याकडे जुनीच. पंतोजींच्या शाळेत मोठी मुले धाकट्यांकडून उजळणी करून घेत. मद्रासेत अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मुलांनीच मुलांना शिकविण्याची पद्धत अनाथ मुलांच्या शाळेत चालविली आणि १७९७ साली लंडनमध्ये तिचा वृत्तान्त छापला. पुढे इंग्लंडात ती 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. पण तेथे तिचे झाले काय? एका शिक्षकावर शेकडो मुले भागवता येतात, हा तिचा स्वस्तपणाच लोकांना अधिक भावला. मुलाने मुलाला हात द्यावा हा हेतू मागे पडला आणि शिक्षकाचा पगार वाचवावा हा हेतू पुढे आला. हा इतिहास ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

याच्या उलट चित्र पाहावयाचे तर साताऱ्याला जावे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंगतीत जेवत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा, मोडायला दिले. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. तेथेही काम मुलेच करीत. मग मद्रास पद्धतीत आणि यात अंतर कोणते? येथे श्रमाचे फळ मुलाच्याच पदरात पडत होते. त्याचे शिक्षण त्यातून चालत होते आणि काम जातीवर वाटले जात नव्हते. हे अंतर लहान नव्हे.

आता आजच्याकडे वळू. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने ठरविले की, खाजगी अनुदानित शाळांतील शिपायांची पदे, त्यांवरील माणूस निवृत्त झाला की, संपुष्टात यावीत आणि त्यांऐवजी शाळेला ठोक भत्ता द्यावा. तिजोरीची अडचण मी नाकारीत नाही. पण एक शिपाई वीस-पंचवीस वर्षे एकाच फाटकावर उभा असला म्हणजे कोणाचे मूल कोणाबरोबर घरी जाते, हे त्याला ठाऊक असते. भत्त्यावर आलेला माणूस आज आहे, उद्या नाही. आणि तोही मिळाला नाही, तर केरसुणी कोणाच्या हातात जाईल? 'श्रमप्रतिष्ठा' हा थोर शब्द उच्चारून ती मुलांच्या हाती देणे फार सोपे आहे. येथेच आपण सावध राहिले पाहिजे.

म्हणून एक कसोटी सांगतो. मूल शाळेत झाडत असेल तर तीन प्रश्न विचारा. सर्व मुले पाळीपाळीने झाडतात, की मुलीच, किंवा ठरावीक वस्तीतलीच? झाडणे तासाच्या वेळात होते, की तास बुडवून? आणि तिसरा प्रश्न, पगारी माणूस असूनही मुले हातभार लावतात, की तो नाही म्हणून? तिन्ही उत्तरे सरळ आली तर ते शिक्षण आहे. एकही वाकडे आले तर ती वेठ आहे, मग तिला नाव कितीही गोंडस द्या. शौचकूप साफ करण्याचे काम आणि ॲसिडची बाटली तर कोणत्याही सबबीवर मुलाच्या हाती पडू नये.

श्रोतेहो, शाळा ही सरकारची किंवा संस्थाचालकांची एकट्याची नाही, ती गावाची आहे. पालकसभेत आपण गुणांची चौकशी करतो. तेथेच शिपायाच्या रिकाम्या जागेचीही करावी. बक्षीससमारंभात पहिल्या आलेल्या मुलाबरोबर वर्षभर ग्रंथालय सांभाळणाऱ्या मुलीचेही नाव पुकारावे आणि निवृत्त होणाऱ्या परिचराला व्यासपीठावर खुर्ची द्यावी. त्याला फारसा खर्च येत नाही. आणि मोठी माणसे कोणाला मान देतात, हे मुले पुस्तकापेक्षा अधिक बारकाईने वाचीत असतात.