‘दुर्मीळ’ या शब्दाची किंमत

माझ्या टेबलाच्या खणात प्लास्टिकच्या जाड पाकिटात घातलेलं एक कार्ड आहे. पत्त्याच्या पानाएवढं. त्यावर फटका मारून चेंडूकडे बघत उभा असलेला सचिन तेंडुलकर आहे. मागच्या बाजूला बारीक अक्षरात साल छापलं आहे, १९९६.

हे कार्ड मला माझ्या नातवानं दिलं. तो अकरा वर्षांचा आहे, न्यू जर्सीत राहतो. ईदीचे साठवलेले पैसे आणि हिवाळ्यात शेजाऱ्यांच्या दारातला बर्फ उपसून मिळवलेले पैसे एकत्र करून त्यानं इंटरनेटवरच्या एका लिलावात बोली लावली आणि ८५ डॉलरला हे कार्ड घेतलं. नाना क्रिकेटवेडा, म्हणून नानासाठी. दोन महिने कपाटात लपवून ठेवलं आणि सुट्टीत इकडे आल्यावर माझ्या हातात दिलं. म्हणाला, “नाना, सचिन का रुकी कार्ड है. बहोत रेअर!”

रुकी म्हणजे नवखा. खेळाडू पहिल्यांदा मोठ्या मैदानात उतरतो, त्या पहिल्या हंगामातलं त्याचं कार्ड म्हणजे रुकी कार्ड. अमेरिकेत अशा कार्डाला फार मान आणि फार दाम. पण श्रोतेहो, सचिन पहिली कसोटी खेळला ती १९८९ च्या नोव्हेंबरात, कराचीला. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि त्या मालिकेच्या बातम्यांसाठी रोज सकाळी वाचनालयात पेपर हातात यायची वाट बघत उभा असायचो. १९९६ साली सचिन नवखा कसा असेल? तोवर तो साऱ्या जगाला ठाऊक झाला होता.

मी काही बोललो नाही. पोराला जवळ घेतलं. रात्री मुलीला म्हटलं, त्या विक्रेत्यानं काय लिहिलं होतं ते मला जरा दाखव.

वर्णन वाचलं आणि खरं सांगतो, त्या माणसाच्या हुशारीला मनातल्या मनात दाद दिली. त्यानं ‘रुकी कार्ड’ असं लिहिलंच नव्हतं. ‘रुकीच्या काळातलं’ असं लिहिलं होतं. ‘अतिशय दुर्मीळ’ लिहिलं होतं, पण किती छापली गेली याचा पत्ता नव्हता. ‘तपासणीला पाठवलंत तर दहापैकी दहा मिळू शकतील’ असं होतं, पण स्वतः तपासणीला पाठवलं नव्हतं. फोटो फक्त समोरच्या बाजूचा. साल मागच्या बाजूला. प्रत्येक शब्दाला एक मागचं दार ठेवलेलं होतं. कुणी धरायला आलं की तिथून निसटायचं.

आपल्याकडे हा प्रकार नवा वाटतो. अमेरिकेत तो शंभर वर्षांहून जुना आहे. तिथं सिगारेटच्या पाकिटात आणि पुढे बबलगमबरोबर बेसबॉल खेळाडूंची कार्डं येत. १९०९ ते १९११ या काळात एका तंबाखू कंपनीनं काढलेल्या मालिकेत होनस वॅग्नर नावाच्या खेळाडूचं कार्ड होतं. ते लवकरच थांबवलं गेलं. आपल्या चित्रानं पोरं तंबाखूकडे वळू नयेत म्हणून त्यानं हरकत घेतली असं काही जण सांगतात, पैशांवरून बिनसलं असं दुसरे सांगतात. ते काही असो, त्याची मोजकीच कार्डं उरली. हे खरं दुर्मीळ.

त्यातलं सगळ्यांत देखणं कार्ड १९९१ साली ४ लाख ५१ हजार डॉलरला विकलं गेलं. घेणाऱ्यांत आइस हॉकीचा महान खेळाडू वेन ग्रेट्झकी होता. त्याच वर्षी कार्डांची तपासणी करून दहापैकी गुण देणारी पीएसए ही संस्था निघाली आणि तिनं या कार्डाला आठ गुण दिले. इतक्या जुन्या कार्डाला आठ म्हणजे नवलच. २००७ साली ते २८ लाख डॉलरला गेलं. आणि २०१३ साली बिल मास्ट्रो या बड्या लिलाववाल्यानं कोर्टात गुन्हा कबूल केला, तेव्हा हेही मान्य केलं की या कार्डाच्या कडा मीच कापल्या होत्या. कडा घासलेल्या असल्या तर कापून सरळ करायच्या म्हणजे कार्ड कोरं करकरीत दिसतं. या व्यवसायात हे मोठं पाप मानतात. कापलेल्या कार्डाला एरवी गुणच देत नाहीत. म्हणजे ज्या कार्डाकडे बोट दाखवून लोक ‘असं असावं’ म्हणत होते, तेच कापलेलं निघालं.

मास्ट्रोवरचा मुख्य आरोप आणखी वेगळा होता. त्याच्या लिलावांत खोट्या बोली लावून किमती चढवल्या जात. घ्यायचं नाही, फक्त दुसऱ्याला वर ओढायचं. २०१५ साली त्याला वीस महिन्यांची कैद झाली.

हे वाचताना मला अब्बा आठवले. अब्बा सांगलीच्या बाजारात एका अडत दुकानात दिवाणजी होते. हळदीचे सौदे त्यांनी आयुष्यभर पाहिले. ते एक अरबी शब्द सांगत, ‘नजश’. जो माल घ्यायचा नाही, त्यावर नुसता भाव चढवण्यासाठी बोली लावणं. आमच्या धर्मात ते निषिद्ध आहे. आणि धान्याच्या ढिगाची गोष्ट सांगत. पैगंबरसाहेबांनी बाजारात एका ढिगात हात घातला, तर वरून कोरडं धान्य आणि आत ओलं. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. तर मग ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं, असं त्याला विचारलं गेलं. अब्बा म्हणायचे, “बेटा, त्यानं तोंडानं काही खोटं सांगितलं नव्हतं. नुसतं वर काय ठेवायचं ते ठरवलं होतं.”

इंटरनेटवरच्या लिलावात ढिगात हात घालता येत नाही. तिथं आपल्यापुढे येतात फक्त फोटो आणि शब्द. म्हणून शब्दांतच हात घालावा लागतो. ‘मिंट’ म्हणजे टाकसाळीतून आत्ताच निघालेल्या नाण्यासारखं कोरं. पण हे कोण म्हणतंय, तपासणारा की विकणारा? ‘जुनं’ म्हणजे मौल्यवान असंही नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरची काही वर्षं कंपन्यांनी बेसुमार कार्डं छापली. आपली पोरं यावर कॉलेज शिकतील म्हणून घराघरांत खोकीच्या खोकी जपून ठेवली गेली. सगळ्यांनीच जपली, म्हणून आज त्यांतल्या बहुतेकांना कुणी विचारत नाही. उलट, टॉप्स कंपनीची १९५२ सालची न खपलेली कार्डं १९६० साली खोकी भरून समुद्रात बुडवली गेली. त्याच मालिकेतलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. आणि गंमत म्हणजे तेही त्याचं रुकी कार्ड नव्हे. पहिलं १९५१ सालचं, दुसऱ्या कंपनीचं.

अशी एक बातमी येते आणि हजार विक्रेते आपल्या माळ्यावरच्या कार्डांना ‘दुर्मीळ’ म्हणू लागतात. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत जमीनअस्मानाचं अंतर असतं. एखाद्यानं लाख मागितले म्हणून वस्तू लाखाची होत नाही. तसलीच कार्डं आधी खरोखर कितीला गेली ते बघावं. दोन्ही बाजूंचे, चारही कोपऱ्यांचे फोटो मागावेत. तपासणीच्या पाकिटावर क्रमांक असतो, तो त्या संस्थेकडे पडताळावा. विक्रेता टाळाटाळ करू लागला, की समजावं, धान्य आत ओलं आहे.

मी त्या विक्रेत्याला मुलीकरवी पत्र लिहिलं. उत्तर अगदी सभ्य आलं. सगळं वर्णनात लिहिलंच होतं, आपण नीट वाचायला हवं होतं. तक्रारीची मुदतही उलटून गेली होती, कारण पोरानं मला चकित करायचं म्हणून कार्ड दोन महिने कपाटात ठेवलं होतं.

आपण नीट वाचायला हवं होतं. हे वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं. आणि त्याचं कारण त्या माणसाकडे नव्हतं, माझ्याकडे होतं. काही वर्षांपूर्वी एका कवितासंग्रहाच्या मलपृष्ठावर मी चार ओळी लिहून दिल्या होत्या. ओळखीचा माणूस, नाही म्हणवेना. ‘आश्वासक’, ‘स्वतःची वाट शोधणारी कविता’ असं काहीबाही. पुढे एका कार्यक्रमात एक शिक्षक भेटले. तुमचा अभिप्राय वाचून शाळेसाठी पाच प्रती घेतल्या म्हणाले, आणि मग हळूच विचारलं, “सर, तुम्ही तो संग्रह वाचला होता का?” मी वाचला नव्हता. पूर्ण तर नव्हताच. पण ‘आश्वासक’ या शब्दालाही मागचं दार असतं. आश्वासन दिलं, पाळलं असं कुठं म्हटलं? तेव्हा मी हसून विषय बदलला होता.

आता मी न बोलता बसलो असतो, तर नातवाच्या आनंदासाठी गप्प बसलो असं स्वतःला सांगता आलं असतं. तेही एक चांगलं वर्णनच झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्याला शेजारी बसवलं, कार्ड उलटं केलं आणि साल दाखवलं. कराचीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तो झूठ बोला वो?” मी म्हटलं, “नाही. त्यानं खरंही सांगितलं नाही.” त्याचे डोळे भरले होते, पण त्यानं ते पुसले आणि विचारलं, “मग आपण विकायचं झालं तर काय लिहायचं?”

आम्ही दोघांनी बसून लिहिलं. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. ती चिठ्ठी आता त्या पाकिटात कार्डाच्या मागे आहे. सचिन तेंडुलकर. साल १९९६. पहिलं कार्ड नव्हे. खालचा डावा कोपरा थोडा दुमडलेला. ८५ डॉलरला घेतलं, जास्त दिले. विकायचं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)