फिट लपवू नका, घरात बोला



विहाराच्या वर्धापन दिनी आम्ही मुद्दाम हा विषय घेतला, कारण घरोघरी तो दार लावून बोलला जातो. मुलाला फिट येते. कुणी मिरगी म्हणतं, कुणी फेफरं. मेंदूचं काम विजेच्या सूक्ष्म लहरींवर चालतं. त्यात एकाएकी गडबड झाली की फिट येते. ही बाहेरची बाधा नाही, आईचा दोष नाही, हा संसर्गाचा रोगही नाही. योग्य औषधाने दहापैकी सुमारे सात जणांच्या फिट थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग अडतं कुठे? बोलण्यात. मूल आत आलं की आई-बाबा गप्प होतात. त्याला वाटतं, आपल्यामुळेच घरात भांडणं होतात. त्याला साध्या शब्दांत सांगा, "तुझ्या मेंदूला मधूनच झटका येतो, त्यासाठी ही गोळी. तुझी काही चूक नाही." फिट ओसरल्यावर त्याला बहुधा काही आठवत नसतं; भोवती गर्दी, कपडे ओले. तेव्हा गर्दी पांगवा, जवळ बसा, काय झालं ते शांतपणे सांगा.

भावंडांनाही विसरू नका. तीही घाबरलेली असतात. सगळं लक्ष दादाकडेच म्हणून रुसतात. त्यांचं ऐका. फिट आली तर दादाला कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, हे त्यांना शिकवा. तोंडात चमचा-पाणी घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. वर्गशिक्षकांनाही हे सांगून ठेवा.

मुलगी असली की लग्नाच्या काळजीने तोंडं मिटतात. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यात फेफऱ्याचे वारंवार झटके लग्नाला बाधक मानले होते. ते शब्द १९९९ साली काढून टाकले. कायद्याने सोडलं, आपण का धरून बसायचं? लपवून लग्न लावलं तर पोरगी सासरी गोळ्याही लपवते, मग चुकवते. गोळी अचानक बंद झाली की फिट जोरात उलटते, जिवावर बेतू शकतं.

म्हणून बंधू-भगिनींनो, आज रात्री जेवताना मुलाला एवढंच विचारा, "तुला कशाची भीती वाटते?" आणि त्याचं बोलणं पुरं होऊ द्या.

जय भीम!